एका दिवसाला एकच तिकीट

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं मिनिआपोलिसला राहतो. घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे साठवतोय, त्यामुळे यंदा विमान, रिसॉर्ट असलं काही नको असं ठरलंय. सप्टेंबरमध्ये लेबर डे उलटल्यावर गाडीनं साऊथ डकोटाकडे निघू. नवऱ्याला माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चेहरे बघायचेच आहेत, मला बॅडलँड्स नॅशनल पार्क. दिवसाचं बजेट मुक्काम, गॅस, खाणं सगळं धरून १५० डॉलर. एका दिवसात दोन्ही होईल की एकावर पाणी सोडावं? तो म्हणतो, एवढ्याशा पैशांत नुसतं गाडीत बसून परत यावं लागेल. – एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : दोन्ही होईल. आणि नवरोबांना सांगा, गाडीत बसून राहायला सवडच मिळणार नाही.

मी सू फॉल्समध्ये एका ट्रक कंपनीचे हिशेब बघते. ड्रायव्हर मंडळींच्या पावत्या रोज हाताखालून जातात, त्यामुळे आय-नाइन्टी हायवेचे एक्झिट नंबर मला तोंडपाठ आहेत. त्या पावत्या वाचून माझं मत पक्कं झालंय, की रस्त्यावर पैसा तिकिटांवर फारसा जात नाही. तो जातो उगाच मारलेल्या मैलांवर, रात्री नऊ वाजता गरजवंतासारख्या घेतलेल्या खोलीवर, आणि गॅस स्टेशनात ‘जरा काहीतरी’ म्हणून उचललेल्या पुड्यांवर. म्हणून पाहुणे आले की मी त्यांना एकच अट घालते : दिवसाला एकच तिकीट. एका जागेचे पैसे खुशीनं मोजायचे, तिथं मनसोक्त वेळ घालवायचा आणि उरलेला दिवस फुकटच्या जागांनी भरायचा. तुमच्या दिवसाचं तिकीट बॅडलँड्सचं. गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतं.

आदल्या रात्री कडोकाला थांबा, एक्झिट १५०. छोटं गाव आहे, बघण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच खोली परवडते. मिनिआपोलिसहून येताना मिसुरी नदी ओलांडल्यावर पुढे घड्याळ एक तास मागे जातं. तो तास झोपेत घालवू नका. सप्टेंबरच्या मध्यात तिकडे साडेसहाच्या सुमाराला उजाडतं. अंधारातच निघा, १९ मैलांवर एक्झिट १३१ ला वळा आणि पार्कच्या ईशान्येच्या दारानं आत शिरा. पार्क रात्रंदिवस उघडं असतं. आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर डावीकडे मोठा पार्किंग लॉट लागेल. डोअर, विंडो आणि नॉच या तिन्ही पायवाटा तिथूनच सुटतात. एकदा गाडी लावली की तीन तास किल्लीला हात लावायचा नाही. गॅसही वाचतो आणि भांडणंही.

पहिल्यांदा डोअर ट्रेल. सुरुवातीला लाकडी फळ्यांची वाट आहे, कड्यातल्या खिंडीतून पलीकडे गेलं की फळ्या संपतात आणि पुढे नुसते नंबर लावलेले खांब. इथं जरा थांबा आणि खाली वाका. लांबून दगडाचे दिसणारे ते सुळके जवळून बघितले तर वाळलेला चिखल आहे. वरचा थर लाह्यांसारखा फुगून तडकलेला असतो, चिमटीत धरला तर भुगा होतो. हे डोंगर वर्षाला सुमारे एक इंच झिजतात. डोंगराच्या मानानं हा वेग भयंकर आहे. उन्हं तिरपी असतात तेव्हाच त्या सुळक्यांवरचे गुलाबी, राखाडी, पिवळट पट्टे उठून दिसतात. दुपारी बारा वाजता सगळं एकाच फिक्या रंगाचं होतं आणि माणसं ‘एवढंच होय’ म्हणत फोटो काढून निघून जातात. पहाटे जाण्याला एक दमडी जास्त पडत नाही, पण बघायला मिळतं ते दुपारी मिळत नाही. फक्त आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर जपून. हीच माती ओली झाली की बुटाला अशी धरते की पाय उचलवत नाही.

नॉच ट्रेल जाऊन येऊन दीड मैल आहे. मध्ये ओंडक्यांची एक तिरपी शिडी चढावी लागते. चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र भल्याभल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दोघांपैकी कुणाला उंचीची भीती असेल तर त्यानं खुशाल खाली बसावं, हट्ट करू नये. शिडी संपल्यावर वाट कड्याच्या अगदी कडेनं जाते.

मग बेन रायफल व्हिजिटर सेंटर. रायफल हे लाकोटा समाजातले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य, त्यांचं नाव या इमारतीला दिलंय. हंगाम असेल तर आतल्या प्रयोगशाळेत काचेपलीकडे माणसं बारीक हत्यारांनी जीवाश्मांवरची माती सोडवत असतात. त्यांना प्रश्न विचारता येतात आणि ती न कंटाळता उत्तरं देतात. २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीला या सेंटरच्या जवळच जमिनीतून डोकावणारं काहीतरी दिसलं. ती सुळेदार मांजरासारख्या एका प्राचीन प्राण्याची कवटी निघाली. तिनं ती उपटली नाही, जाऊन रेंजरला सांगितलं. तुम्हीही तेच करायचं. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, हात लावू नका.

तिथून रस्ता क्रमांक २४० नं पश्चिमेकडे. सगळ्या थांब्यांवर उतरायची गरज नाही, पिवळ्या टेकड्या मात्र चुकवू नका. कोनाटाला जेवणाची बाकं आहेत, डबा तिथं उघडा. पुढे डावीकडे सेज क्रीक रिम रोड फुटतो. खडीचा रस्ता आहे, पण कोरड्या दिवशी साध्या सेडानला काही होत नाही. त्यावर पाचेक मैल गेलं की प्रेअरी डॉगांची वसाहत. खारीच्या थोराड भावंडांसारखे हे प्राणी बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभे राहून ओरडत असतात. एकानं हाळी दिली की सगळी आळी बिळात गडप. या रस्त्यावर गवे, म्हणजे अमेरिकी बायसन, दिसण्याचा संभव सर्वांत जास्त. एखादा गवा रस्त्यात उभा असेल तर इंजिन चालू ठेवून बसा, त्याला कुठं जायची घाई नसते. गाडीतून उतरून सेल्फी काढायचा विचारही नको.

बाहेर पडाल ते वॉल गावाशी. लगेच कॉफीला धावू नका, आधी आय-नाइन्टीवर सहा मैल उलटं येऊन एक्झिट ११६ घ्या. माळरानात कुंपण घातलेला एक तुकडा दिसेल. हे डेल्टा-०९, शीतयुद्धाच्या काळातलं मिनिटमन क्षेपणास्त्राचं भूमिगत कोठार. एकट्या साऊथ डकोटात अशी १५० होती. १९९१ च्या स्टार्ट या अण्वस्त्रकपात करारानंतर ती निकामी केली, त्यातलं हे एक लोकांना बघायला ठेवलं. वर काचेचं छप्पर आहे. कपाळावर हात धरून आत बघितलं की खाली खोल अंधाऱ्या नळीत पांढरं टोक दिसतं. ते क्षेपणास्त्र प्रशिक्षणाचं, निःशस्त्र आहे. मागे शेतकऱ्याचं गवत डुलतंय, लांबून हायवेचा आवाज येतोय, आणि मधोमध हे. बघायला एक पैसा पडत नाही. दुपारी तीनच्या आत पोचा, नाहीतर फाटक बंद सापडेल.

आता वॉल ड्रग. तिथं नेणाऱ्या पाट्या तुम्ही शेकडो मैल वाचत आलेल्या असाल. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. टेड आणि डोरोथी हस्टेड या नवराबायकोनं १९३१ मध्ये, ऐन मंदीत, या आडगावातलं औषधाचं दुकान विकत घेतलं. गिऱ्हाईक काही येईना. १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथीला सुचलं, की तापलेल्या गाड्यांतून जाणाऱ्या या माणसांना थंड पाणी हवं असणार. बर्फाचं पाणी फुकट, अशी पाटी रस्त्यावर लागली आणि गाड्या वळायला लागल्या. ते पाणी आजही फुकट आहे आणि कॉफी पाच सेंट. कपात कॉफी ओतून घ्यायची आणि निकेल, म्हणजे पाच सेंटांचं नाणं, डब्यात टाकायचं, कुणी मोजायला बसलेलं नसतं. दोघांची कॉफी दहा सेंटांत झाली म्हणून डोनट घेतलेत तर माझी ना नाही. पण मागच्या दालनांत बूट, टोप्या, फ्रिजवरची चुंबकं यांच्या नादी लागाल तर माझ्या हिशेबाची वाट लागेल. मागच्या अंगणात शिंगं फुटलेल्या सशाचा मोठा पुतळा आहे, त्यावर बसून फोटो काढा. तोही फुकट.

वॉलहून रॅपिड सिटी ५५ मैल. पोचल्यावर स्कायलाइन ड्राइव्हनं डायनोसॉर पार्कला चढा. १९३६ मध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेले हे सिमेंटचे डायनोसॉर आहेत. शास्त्राच्या दृष्टीनं त्यांच्यात काही राम नाही, पण टेकडीवरून अख्खं शहर दिसतं. अर्धा तास पुरे.

आणि मग रशमोर, २३ मैल. तिथं प्रवेश फी नाही पण पार्किंगचे १० डॉलर आहेत, आणि नॅशनल पार्कचा पास पार्किंगला चालत नाही. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पार्किंगचं प्रवेशद्वार मागे टाकून रस्ता क्रमांक २४४ नं तसंच पुढे गेलं की प्रोफाइल व्ह्यू नावाची थांबायची जागा येते. तिथून वॉशिंग्टन एका बाजूनं, नाकासकट, आभाळावर कोरल्यासारखा दिसतो. पैसे लागत नाहीत. मला विचाराल तर चार तोंडं समोरून बघण्यापेक्षा हे एक तोंड बाजूनं बघणं जास्त भारी. पण नवरोबांनी लहानपणापासून पुस्तकात बघितलेले चौघं, वॉशिंग्टन, जेफरसन, रूझवेल्ट आणि लिंकन, समोरूनच बघायचे असतील तर द्या ते १० डॉलर. ६० फुटांचा एकेक चेहरा आहे. उन्हाळी हंगामात रात्री दिवे लावण्याचा छोटा कार्यक्रम असतो, त्यापर्यंत थांबा म्हणजे पार्किंग वसूल होईल.

हिशेब. दिवसभराचं अंतर १८० मैलांच्या आसपास. तुमची गाडी गॅलनला ३० मैल देत असेल तर सहा गॅलन, म्हणजे साधारण २० डॉलर. पार्क ३०. खाणं घरून नेलेल्या डब्यावर आणि दुकानातून घेतलेल्या फळं-दह्यावर भागवलं तर वीस. झाले ७०. उरलेल्या ८० त रात्रीची खोली, कर धरून. लेबर डेनंतर आठवड्याच्या मधल्या वारी रॅपिड सिटीच्या पूर्वेला, बॉक्स एल्डरच्या बाजूला, साधी खोली त्या सुमारास मिळू शकते, पण बुकिंग घरूनच करा. शुक्रवार-शनिवार टाळा. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारचा आठवडाही टाळा, कारण कस्टर स्टेट पार्कात तेव्हा गव्यांचा कळप हाकून गोळा करतात आणि ते बघायला दुनिया लोटते. रशमोरचे दहा डॉलर दिलेत तर ते खोलीतून किंवा खाण्यातून कापायचे. कुठून, हे त्यांनाच ठरवू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ असेल तर कीस्टोनहून आयर्न माउंटन रोड घ्या. १७ मैलांत ३१४ वळणं, लाकडी पूल स्वतःभोवती गिरकी घेत खाली उतरतात, आणि तिन्ही बोगदे असे खोदलेत की त्यांच्या चौकटीत समोर रशमोर येतं. मात्र ते परतताना, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना, बघायला हवं. जाताना आरशात बघत बसाल तर दरीत जाल.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नाशिकहून सून-मुलाकडे सू फॉल्सला येतोय. परदेशी पर्यटकांना अमेरिकेतल्या पार्कांत आता शंभर डॉलर जादा पडतात असं ऐकलं. मग कुठं जायचंच नाही का? ज्येष्ठांसाठी स्वस्त पास आहे म्हणतात, तो आम्हाला मिळेल का? – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, अर्धं खरं आहे. २०२६ च्या जानेवारीपासून अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या माणसांना माणशी १०० डॉलर जादा लागतात, पण ते फक्त ११ गर्दीच्या पार्कांत. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन ही त्यातली नावं. बॅडलँड्स त्या यादीत नाही. तिथं गाडीमागे ३० डॉलरच, मग आत नाशिकचे बसलेले असोत की नेब्रास्काचे. रशमोर, डेल्टा-०९ हेही त्या भानगडीत नाहीत. तुमच्यासाठी हाच कोपरा उत्तम.

वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलरला आणि बाहेरच्यांना २५० ला आहे. मुलाकडे राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर त्याला ८० वाला मिळेल. पण नुसतं बॅडलँड्सच करणार असाल तर पास घेऊच नका, ३० त काम होतंय. त्याला वर्षभरात बॅडलँड्सचे ३०, डेव्हिल्स टॉवरचे २५ आणि यलोस्टोनचे ३५ मोजायचे असतील तर बेरीज ९० होते, मग पास स्वस्त. वीस डॉलरचा ज्येष्ठांचा पास अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच आहे. तिथं वय सांगून उपयोग नाही.

तुम्हा दोघांना नॉच ट्रेलची शिडी नको. विंडो ट्रेल पाव मैलाची, फळ्यांवरून जाणारी आहे, आणि टोकाला कड्यातली खिडकी. फॉसिल एक्झिबिट ट्रेलही फळ्यांचीच. काकूंचे गुडघे दुखत असतील तर बिग बॅडलँड्स ओव्हरलुकला गाडीतून चार पावलांत सगळं दिसतं. पाणी मात्र प्रत्येकाची वेगळी बाटली भरून न्या. तिथला वारा घाम दिसू देत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी कमी झाल्याचं कळत नाही.

प्रश्न : दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. साऊथ डकोटात जाऊन चिप्स खाऊन जगायचं का? बाहेर खाल्लं तर बजेट कोलमडतं. – एक वाचक, डेस मॉइन्स

उत्तर : चिप्सही लागतील, पण तेवढ्यावर राहू नका. घरातून निघताना दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी आणि मेतकूट. हे तीन दिवस टिकतं आणि चौथ्या दिवशीची चिंता तुम्हाला नाही. मोटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो. बुक करताना खात्री करा, त्या दोन वस्तू असलेली खोली पाच डॉलर महाग असली तरी स्वस्तच पडते. पाकिटातला भात, डब्यातले राजमा-चणे, दही. मोटेलचं बर्फाचं मशीन फुकट असतं, सकाळी निघताना कूलर भरून घ्या.

किराणा मिनेसोटा-आयोवातून किंवा सू फॉल्समधून भरा. वॉल आणि कडोकासारख्या गावांत दही मिळेल, पण दोन बोटं दह्याला जे मोजाल त्यावरून घरी गेल्यावरही बोलणं व्हायचं. गरम काही हवंच असेल तर रॅपिड सिटीत टाको बेलचा बीन बरिटो. बीन्स शाकाहारी आहेत, चीज आणि सॉस आपल्याला हवं तसं सांगता येतं. बाकी ठिकाणी सूप आणि बीन्समध्ये काय घातलंय ते विचारल्याशिवाय घेऊ नका. मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणजे शाकाहारी, अशी इथल्या स्वयंपाक्याची समजूत असू शकते.

आणि वॉल ड्रगमधल्या डोनटवर तुटून पडण्याआधी अंड्याचं विचारा. साध्या डोनटच्या पिठात ते बहुधा असतंच.

प्रश्न : बॅडलँड्सजवळ फुकट तंबू ठोकता येतो असं मित्र म्हणाला. बायको म्हणते हे बेकायदेशीर असणार, अमेरिकेत फुकट काही नसतं. कोण बरोबर? – एक वाचक, ओमाहा

उत्तर : मित्र बरोबर, पण वहिनींना ते लगेच सांगू नका, आधी पुढचं वाचा.

दोन जागा आहेत. एक पार्कच्या आत, सेज क्रीक. मुक्कामाचे पैसे नाहीत, प्रवेशाचे ३० भरावे लागतात. दुसरी पार्कच्या बाहेर, वॉलच्या दक्षिणेला बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडच्या सरकारी जमिनीवर, कड्याच्या काठाशी. तिथं चौदा दिवसांपर्यंत राहता येतं, पावती नाही, राखीव जागा नाही. सकाळी तंबूची चेन उघडली की समोर सगळं बॅडलँड्स पसरलेलं. लाखाची जागा आहे.

आता न सांगितलेली गोष्ट. पाणी नाही, सावली नाही, ग्रासलँडवर स्वच्छतागृहही नाही. सेज क्रीकला आडोसा आहे पण पाणी नाही, आणि गवे तंबूंमधून चरत फिरतात. त्यांच्यापासून किमान २५ यार्डांचं अंतर हा पार्कांचा नियम. गवाच तुमच्याकडे आला तर मागे सरायचं काम तुमचं. रॅटलस्नेक आहेत, त्यामुळे रात्री बूट बाहेर ठेवू नका आणि टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा. दुपारी पाचला झुळूक वाटते ती रात्री दोन वाजता तंबू तोंडावर आणून आपटते. स्वस्तातले छोटे खुंटे तिथल्या मातीत धरत नाहीत, लांब खुंटे न्या. वादळाचा अंदाज असेल तर गाडी कड्यापासून लांब लावून सरळ गाडीतच झोपा.

माझा सल्ला : एक रात्र तिथं, दुसरी मोटेलमध्ये. दोन रात्रींचा खर्च मिळून एका खोलीएवढा होतो आणि दुसऱ्या रात्री गरम पाण्याची आंघोळ मिळते. हे गणित वहिनींसमोर मांडा, तंबूचं नाव शेवटी काढा.

प्रश्न : मी रशमोरला जायला तयार नाही. ती जमीन लाकोटांकडून हिसकावलेली आहे. नवरा म्हणतो, इतिहास म्हणून बघायला काय हरकत? आमचं या विषयावर दोन राज्यं पार होईपर्यंत भांडून झालंय. – एक वाचक, सेंट लुईस

उत्तर : जमिनीचं तुम्ही म्हणता ते खरं. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारानं ब्लॅक हिल्स, म्हणजे रशमोर आहे तो डोंगराळ भाग, सू लोकांचा होता. लाकोटा हे त्यांच्यातलेच. सोनं सापडल्यावर करार मोडला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नुकसानभरपाई मान्य केली, व्याजासकट दहा कोटी डॉलरांच्या वर. त्या लोकांनी ते पैसे आजवर उचललेले नाहीत, कारण त्यांना जमीन हवी आहे. पैसे घेतले तर विक्री मान्य केल्यासारखं होईल. रशमोरचं कोरीवकाम १९२७ ते १९४१ मध्ये, शिल्पकार गट्झन बोरग्लम आणि अखेरीस त्याच्या मुलाच्या देखरेखीखाली, याच डोंगरात झालं.

जायचं की नाही हे मी कोण सांगणार? पण नवऱ्याला म्हणा, इतिहास बघायचाय ना, मग नुसता एक डोंगर बघून चालणार नाही. १९४८ पासून कोरलं जाणारं, क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याचं शिल्प तिथून फार लांब नाही. सरकारचा पैसा न घेता चाललेलं काम आहे. आत जायला फी लागते, पण डोंगर ३८५ क्रमांकाच्या रस्त्यावरूनही दिसतो. आणि परतताना चेंबरलेनपाशी, एक्झिट २६३ आणि २६५ च्या मधल्या विश्रांतिस्थळावर थांबा. मिसुरी नदीच्या काठावर ५० फूट उंच, स्टेनलेस स्टीलची एक आदिवासी स्त्री उभी आहे, पाठीवर पांघरलेली गोधडी दोन्ही हातांनी पसरून. डेल लँफियर या शिल्पकाराचं काम, २०१६ चं. गोधडीवरचे निळे चौकोन वाऱ्यानं हलतात. पार्किंग फुकट, स्वच्छतागृह स्वच्छ. भांडण पुढे चालू ठेवायचं असेल तर तिथं बाकंही आहेत.

प्रश्न : ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सुट्टी आहे. जमेल का हे सगळं? – एक वाचक, कॅन्सस सिटी

उत्तर : १५० डॉलरांत नाही. तेव्हा स्टर्जिसची मोटारसायकल रॅली असते. रॅपिड सिटीपासून पार कडोकापर्यंत खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात, आणि रात्रभर खिडकीखालून इंजिनं गुरगुरतात. सुट्टी पुढे सरकवता येत नसेल तर पूर्वेकडेच रमा. मिचेलला कॉर्न पॅलेस आहे, एक्झिट ३३२. भिंतींवरची चित्रं खऱ्या मक्याच्या कणसांची आणि प्रवेश फुकट.

प्रश्न : रॅपिड सिटीत गॅस भरताना ८५ असा आकडा दिसला, आमच्याकडे नेहमी ८७ असतो. स्वस्त आहे म्हणून भरावा का? – एक वाचक, शिकागो

उत्तर : नको. पश्चिम डकोटात हा ८५ ऑक्टेनचा गॅस सर्रास मिळतो, उंचीवर जुन्या इंजिनांना तो चालायचा. तुमच्या गाडीचं पुस्तक ८७ म्हणत असेल तर ८७ च. पंपावर सगळ्यात स्वस्त बटण आधी असतं आणि हात सवयीनं तिकडेच जातो. आकडा वाचून मग दाबा. साऊथ डकोटाची पूर्वेकडची सीमा ओलांडलीत की परत शिकागोसारखं.